हेका

लहान मूल खेळण्यासाठी अडून बसते, त्याला हट्ट म्हणतात. आणि हट्ट पुष्कळदा पुरवलाही जातो. हेका मात्र कोणी पुरवीत नाही. तो धरावयाचा, चालवावयाचा, आणि अगदीच निरुपाय झाला तर सोडावयाचा असतो. या क्रियापदांतच दोन शब्दांमधील अंतर स्पष्ट होते. हट्टाला एखादी वस्तू हवी असते. ती मिळाली की तो शमतो. हेक्याला हवे असते ते केवळ स्वतःचे म्हणणे. दुसऱ्याने पूर्व म्हटली की आपण पश्चिम म्हणावयाचे, आणि पश्चिमेची वाट बंद आहे असे दिसले तरी पाऊल मागे घ्यावयाचे नाही, हे हेकेखोराचे लक्षण होय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण त्यालाच उद्देशून योजिली जाते.

या वृत्तीसाठी मराठीने अनेक दारांतून शब्द आणले. हट्टाचे मूळ संस्कृत ‘हठ’, म्हणजे बळ. हठयोगात तोच शब्द आहे. ‘हेकेखोर’ यातील ‘खोर’ हा प्रत्यय फारसी आहे. चालता चालता अडून बसणाऱ्या तट्टावरून ‘अडेलतट्टू’ आला. ‘जिद्द’ या शब्दाचा प्रवास तर विलक्षण आहे. अरबी मुळात त्याचा अर्थ विरोध. हिंदीत ‘जिद’ म्हणजे बहुधा हट्टच. मराठीत मात्र जिद्द हा गुण ठरला. म्हणूनच दिल्ली वा लखनौकडे मराठी माणसाने कौतुकाने कुणाला ‘जिद्दी’ म्हटले, तर ऐकणारा रुष्ट होण्याचा संभव असतो.

परंतु गुण कोणता आणि दोष कोणता, हे ठरवावे कोणी? मतभेदामुळे गोपाळ गणेश आगरकर 1887 मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले, आणि 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केला. संतप्त विरोधकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. त्या विरोधकांना आगरकरांचा आग्रह हेकाच वाटला असल्यास नवल नाही. पण आगरकर प्रत्येक मतामागचे कारण सांगत, आणि ते तपासून पाहण्यास वाचकाला आवाहन करीत. हेका कारण देत नाही. मागितले तर रागावतो. गांधीजींनीही सत्याग्रहाहून दुराग्रह निराळा मानला, तो याच जातीच्या विवेकाने.

तेव्हा दुसऱ्याला हेकेखोर म्हणण्यापूर्वी त्याचे कारण विचारावे, आणि तत्पूर्वी स्वतःचेही तपासावे. कारण स्वतःचा हेका प्रत्येकाला जिद्दच वाटत असतो.