शाळेच्या फाटकापासून नेपच्यूनपर्यंत

पाठ्यपुस्तकातील चित्रात सारे ग्रह एकाच पानावर शेजारी शेजारी बसविलेले असतात. त्यामुळे विद्यार्थ्यांना त्यांचा क्रम पाठ होतो. परंतु अंतरांची कल्पना येत नाही. हा दोष दूर करण्यास सरळ रस्त्यासारखे दुसरे साधन नाही.

झाशीच्या सिव्हिल लाइन्समधील एखाद्या शाळेच्या फाटकाशी १.४ मीटर व्यासाचे वर्तुळ आखून त्यास सूर्य मानावे. एक मीटर म्हणजे दहा लक्ष किलोमीटर, हे प्रमाण. मग बुध ५८ मीटरांवर येतो. १५० मीटरांवर ठेवलेली १३ मिलिमीटरांची गोटी म्हणजे आपली पृथ्वी! गुरू हा १४ सेंटिमीटरांचा चेंडू. तो ७७८ मीटरांवर ठेवावा लागेल. शनीसाठी १.४ किलोमीटर, तर नेपच्यूनसाठी ४.५ किलोमीटर चालावे लागेल. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-२ हे यान नेपच्यूनजवळ पोहोचले ते १९८९ साली.

या रस्त्यावर प्रकाशाचा वेग सेकंदास अवघा ३० सेंटिमीटर ठरतो. रमतगमत चालणारा मुलगाही त्यास मागे टाकील. आणि सूर्यमालेबाहेरील सर्वांत जवळचा तारा? तो सुमारे ४०,००० किलोमीटरांवर. म्हणजे त्यास गाठावयाचे, तर सबंध पृथ्वीप्रदक्षिणा करून पुन्हा झाशीसच परतावे लागेल.