नखांची नोंदवही

बँकेत असताना एकदा तिजोरीच्या खोलीचे लोखंडी दार माझ्या उजव्या अंगठ्यावर आदळले. तासाभरात नख काळेनिळे झाले आणि रात्रभर ठणकत राहिले. सकाळी डॉक्टरांनी हाड मोडले नसल्याची खात्री केली, नखाला बारीक छिद्र पाडून साचलेले रक्त काढले आणि म्हणाले, "आता सहा महिने वाट पाहा." हिशेबाची सवय असल्याने उरलेला काळा डाग मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फुटपट्टीने मोजत गेलो. तो महिन्याला साधारण ३ मिलिमीटर पुढे सरकत होता. सहाव्या महिन्यात तो नखाच्या टोकाशी पोहोचला आणि नेलकटरने कापला गेला.

डाग सरकणे किती महत्त्वाचे असते, हे पुढे मोठ्या बहिणीच्या आजारात समजले. आक्काच्या पायाच्या अंगठ्याच्या नखावर एक काळसर उभी रेषा आली होती. दुकानात दिवसभर उभे राहून चप्पल घासली असेल, असे सर्वांनी धरून चालले. दोन वर्षांत ती रेषा पुढे सरकून निघून तर गेली नाहीच, उलट रुंद होत गेली. त्वचारोगतज्ज्ञांनी तुकडा तपासायला पाठवला, तेव्हा तो मेलॅनोमा नावाचा कर्करोग निघाला. अंगठ्याचा पुढचा भाग काढावा लागला. आक्का आज सुखरूप आहे. पण ही किंमत विलंबाची होती.

नख वाढते कसे?

आपल्याला दिसणारे नख निर्जीव असते. ते घडवणारा जिवंत भाग मुळाशी, त्वचेखाली असतो. अंगठ्यावर दिसणारी पांढरट चंद्रकोर हे त्याचेच टोक. म्हणून बिघडलेले नख सांधले जात नाही. मागून नवे नख येते आणि जुने पुढे ढकलले जाते. हाताच्या नखाला त्यासाठी सुमारे ६ महिने लागतात, पायाच्या अंगठ्याच्या नखाला १२ ते १८ महिने.

नोंदी कशा वाचाव्यात?

पांढरे ठिपके बहुधा किरकोळ माराचे असतात. कॅल्शियमच्या कमतरतेशी त्यांचा संबंध जोडणे हा गैरसमज आहे. वयोमानानुसार येणाऱ्या बारीक उभ्या रेषाही निरुपद्रवी असतात.

अनेक नखांवर एकदमच आडवी खाच दिसली, तर मोठ्या तापाने किंवा शस्त्रक्रियेने नखाची वाढ मध्यंतरी थांबली होती, असे समजावे. फ्रेंच वैद्य बो यांनी १८४६ मध्ये या खाचांचे वर्णन केले. हाताच्या नखावरील खाच मुळापासून ६ मिलिमीटरवर असेल, तर आजारपण साधारण दोन महिन्यांपूर्वीचे. ही खाच नखाबरोबर आपोआप पुढे निघून जाते.

नख चमच्यासारखे खोलगट झाले, तर लोहाच्या कमतरतेची रक्ततपासणी करावी. दोन्ही हातांच्या एकाच बोटाची नखे पाठीला पाठ लावून धरली, की मुळाशी चौकटच्या आकाराची लहानशी फट दिसते. ती नाहीशी होऊन बोटांची टोके फुगीर झाली असतील, तर फुप्फुस व हृदय तपासून घ्यावे. दक्षिण आफ्रिकेचे हृदयरोगतज्ज्ञ शॅमरॉथ यांनी ही खूण स्वतःच्या आजारात स्वतःच्याच बोटांवर टिपली आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध केली.

पिवळे, जाड, भुसभुशीत नख बहुतेकदा बुरशीचे असते, पण नेहमीच नव्हे. सोरायसिसही तसाच दिसू शकतो. म्हणून आधी नखाचा तुकडा तपासावा आणि मगच गोळ्या सुरू कराव्यात. त्या अनेक आठवडे घ्याव्या लागतात आणि यकृताकडे लक्ष ठेवावे लागते.

सावळ्या वर्णाच्या लोकांत अनेक नखांवर फिकट तपकिरी रेषा असणे स्वाभाविक आहे. मात्र एकाच नखावर नव्याने आलेली, रुंद होणारी किंवा शेजारच्या कातडीवर पसरणारी काळी रेषा दिसली, तर एक आठवडाही दवडू नये.

दुखावलेल्या नखाची शुश्रूषा

दुकानाच्या शटरमध्ये बोट सापडले, तर ते थंड पाण्यात धरावे आणि हात उंच ठेवावा. असह्य ठणका असेल किंवा बोट वाकडे दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सुटलेले नख ओढून काढू नये. खालच्या नाजूक त्वचेचे ते संरक्षण करते. लोंबणारा भाग कापून वर स्वच्छ पट्टी बांधावी.

नखाच्या मुळाला चिकटलेली पातळ कातडी म्हणजे लाखेची मोहर होय. पार्लरमध्ये ती कापली किंवा सततच्या ओलाव्याने ती सुटली, की जंतूंना वाट मिळते आणि नखुरडे होते. ओल्या स्पंजवर बोट भिजवून नोटा मोजणाऱ्या आमच्या रोखपालांना आणि भांडी-धुण्यात हात असणाऱ्या गृहिणींना हा त्रास नेहमीचा. हातमोजे वापरावेत, बोटे कोरडी ठेवावीत, रात्री खोबरेल तेल चोळावे. पू झाल्यास घरी टोचू नये.

मधुमेहींनी पायाची नखे सरळ कापावीत, कोपरे खोदू नयेत. मंदिरात अनवाणी जाऊन आल्यावर तळपाय व नखे निरखावीत.

बायोटिनच्या गोळ्या कमतरता नसताना फारशा उपयोगी पडत नाहीत. शिवाय त्यांमुळे थायरॉइडच्या व हृदयाच्या काही रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते, हेही विचारून घ्यावे. लोहासाठी डाळी-कडधान्यांवर लिंबू पिळावे आणि जेवणालगतचा चहा टाळावा.

महिन्यातून एकदा, रंग पुसून, दिवसाच्या उजेडात वीसही नखे पाहावीत. घरातील वडीलधाऱ्यांना वाकून आपल्या पायाची नखे नीट दिसत नाहीत. ती आपण पाहावीत. आक्काची दोन वर्षे तिथेच गेली.