खांब चित्रात, माणसं पुस्तकात

कोठारातल्या जुन्या सामानात पन्नास डॉलरला उचललेलं चित्र टोरंटोच्या लिलावात सुमारे साडेतीन लाख कॅनेडियन डॉलरला गेलं, ही नोव्हेंबर २०२४ मधली बातमी एव्हाना सगळ्यांच्या फोनवर फिरून झाली आहे. नफ्याचा हिशेब तिच्यात चोख होता. चित्रकर्ती मात्र दीड ओळीत उरकली होती.

चित्र १९१२ चं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या हायडा ग्वायी बेटांवरच्या मॅसेट गावातला, तिथल्या आदिवासींचा, माथ्यावर अस्वल कोरलेला खांब. चित्रकर्ती एमिली कार तेव्हा चाळिशीत होती आणि फ्रान्समधून नवे, बेधडक रंग शिकून परतली होती. पावसापाण्यात, होड्यांतून गावोगाव भटकत तिने असे खांब रंगवले आणि आपला हा संग्रह ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारला देऊ केला. सरकारने तज्ज्ञाला विचारलं. रंग भडक, नोंद म्हणून कामाचे नाहीत, असा शेरा आला. विषय संपला.

मग तिने व्हिक्टोरिया शहरात घर बांधून भाडेकरू ठेवले. जवळपास पंधरा वर्षं ब्रश जेमतेम हातात. भाडेकरूंच्या कटकटी, साडेतीनशेवर कुत्र्यांची पैदास, पर्यटकांसाठी मातीची भांडी. त्या भांड्यांवर आदिवासींची नक्षी विकली, याची तिला स्वतःलाच लाज वाटे. स्टुडिओतल्या खुर्च्या कप्प्यांवरून छताला टांगलेल्या असत. पाहुणा मनास आला तरच खुर्ची खाली येई. (आपल्याकडच्या घरमालकांना ही युक्ती अजून सुचलेली नाही, हे नशीबच.)

१९२७ मध्ये ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनाने प्रदर्शनासाठी बोलावलं, तेव्हा ती पंचावन्न वर्षांची होती. त्यानंतर रंगवलेली अरण्यं आणि आकाशं हेच तिचं मोठं काम मानतात. त्यातली कितीतरी स्वस्त मनिला कागदावर, पेट्रोल घालून पातळ केलेल्या तैलरंगात केलेली.

मला मात्र तिची पुस्तकं जास्त ओढतात. १९३७ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, रानात जाणं कमी झालं आणि तिने लिहिण्याकडे मोर्चा वळवला. ‘क्ली विक’ १९४१ मध्ये आलं. त्याला गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. ‘क्ली विक’ हे नाव तिला युक्लुलेट गावच्या आदिवासींनी ठेवलेलं, अर्थ ‘हसणारी’. आजचे टीकाकार म्हणतात, तिच्या चित्रांतली गावं ओस आहेत, जणू तिथले मूळ रहिवासी संपलेच. आक्षेप खरा आहे. पण पुस्तक उघडलं की चित्रांत नसलेली ही माणसं भेटतात. स्क्वामिश समाजातली सोफी टोपल्या विणते, दारोदार विकते, एकामागून एक आपली मुलं पुरते. अर्पणपत्रिकेवर नावही तिचंच.

आणि कात्री चालली ती याच पुस्तकावर. एमिली १९४५ मध्ये गेली. १९५१ च्या शालेय आवृत्तीतून मिशनरींना बोचणारे उतारे गाळले गेले, एक अख्खं प्रकरणही. ते परत छापायला पन्नासहून अधिक वर्षं लागली. त्या कापाकापीची फारशी कुणाला खबर नव्हती. उलट २०१८ मध्ये टोरंटोच्या कलादालनाने तिच्या ‘इंडियन चर्च’ या चित्राचं नाव, ‘इंडियन’ हा शब्द आदिवासींना दुखावणारा म्हणून, बदलून ‘युक्वॉट गावातलं चर्च’ केलं, तर केवढा वाद झाला! चित्रात पांढरंशुभ्र चर्च, भोवती क्रूस आणि अंगावर येणारी हिरवी झाडी. माणूस एकही नाही.