पेसमेकरचे कार्ड कपाटात नव्हे, खिशात ठेवा

आम्ही कापडाचे व्यापारी. वैद्यकीचे ज्ञान आमच्यापाशी नाही. तरीही भावताव आणि उधारी-वसुलीचा विषय बाजूला ठेवून आज एमआरआय तपासणीविषयी लिहीत आहोत. कारण छातीत पेसमेकर बसवलेले दुकानदार, शिंपी, वेल्डर आता आपल्या प्रत्येक बाजारपेठेत आढळतात. आणि दिवसभर गादीवर किंवा मशीनवर वाकून बसणाऱ्यांना मान-कमरेचे दुखणे चुकत नाही. हे दोन आजार एका माणसात एकत्र आले की काय होते, ते आमच्याच घरात घडले.

आमचे थोरले बंधू, ज्यांना सारा बाजार भाईजान म्हणतो, त्यांच्या छातीत २००९ साली पेसमेकर बसला. दहा वर्षांनी बॅटरी उतरत आली म्हणून २०१९ मध्ये डबी बदलली. भाईजान पुन्हा गल्ल्यावर बसले आणि घरचे सारे गाफील झाले. पुढे त्यांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, कापड मोजताना मीटरपट्टी हातातून निसटू लागली. मानेतली नस दबली असावी म्हणून डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला. बीडहून गाडी करून आम्ही मोठ्या शहरातल्या एका तपासणी केंद्रात गेलो.

तिथे इंग्रजी फॉर्म हाती आला. भाच्याने घाईघाईत सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही' अशी खूण केली आणि भाईजानांची सही घेतली. त्यांना आत नेणार तोच भाभींनी विचारले, "यांच्या छातीतल्या मशीनला काही होणार नाही ना?" तंत्रज्ञाने हातातले काम टाकून भाईजानांना बाहेर बसवले. चूक केंद्राची नव्हती, आमचीच होती.

धोका कशाचा?

पेसमेकर म्हणजे गळ्याच्या हाडाखाली कातडीत बसवलेली छोटी डबी. तिच्यातून एक किंवा दोन तारा शिरेवाटे हृदयात जातात. ठोका चुकला की डबी विजेची बारीक स्पंदने पाठवून हृदय चालते ठेवते. पूर्णपणे शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे बसवला गेला. तो रुग्ण पुढे २००१ पर्यंत जगला.

एमआरआय म्हणजे बलाढ्य चुंबक. १.५ टेस्लाचे यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट ताकदीचे असते, आणि तपासणी चालू नसली तरी ते चुंबक रात्रंदिवस जागे असते. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात नातलगासोबत आलेला ३२ वर्षांचा तरुण ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. यंत्राने त्याला सिलिंडरसह ओढून घेतले आणि त्याचा जीव गेला.

पेसमेकरवाल्याला धोका तिहेरी. चुंबकाच्या ओढीने डबीचे काम बिघडू शकते. यंत्रातल्या रेडिओ लहरींनी तारेचे टोक तापून हृदयाला इजा होऊ शकते. आणि त्या लहरींनाच हृदयाचे ठोके समजून पेसमेकर आपले काम थांबवू शकतो. ज्याचे हृदय सर्वस्वी पेसमेकरवर चालते, त्याच्यासाठी काही सेकंदांचा खंडही जीवघेणा. म्हणूनच कितीतरी वर्षे पेसमेकरवाल्याला एमआरआयची सक्त मनाई होती.

आता काय बदलले?

एमआरआय सोसू शकेल अशा पहिल्या पेसमेकरला अमेरिकेत फेब्रुवारी २०११ मध्ये मंजुरी मिळाली. आज असे पेसमेकर भारतातही बसवले जातात. परंतु मंजुरी असते ती अटींवर. डबी आणि तारा दोन्ही त्या जातीच्या हव्यात, यंत्र ठरलेल्या ताकदीचे हवे, आणि पेसमेकर बसवून साधारणपणे सहा आठवडे झालेले हवेत. शरीरात जुनी निकामी तार राहिली असेल, तर तेही आधी सांगितले पाहिजे.

आमची गफलत इथेच झाली. भाईजानांची दोन कार्डे जुन्या वह्यांच्या कपाटात सापडली. २०१९ च्या डबीला एमआरआय चालतो असे कळताच आम्ही खूश झालो. हृदयरोगतज्ज्ञांनी मात्र सांगितले की डबी नवी असली तरी तारा २००९ च्याच आहेत. कापड पक्क्या रंगाचे आणि अस्तर कच्च्या रंगाचे असेल तर सदरा धुतल्यावर काय होते, हे आम्हाला कोणी वेगळे शिकवायला नको.

मग काय, इलाज बंद? तसे नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या धर्तीच्या पेसमेकरच्या १००० आणि हृदयाला झटका देणाऱ्या यंत्राच्या ५०० प्रकरणांत, छाती सोडून इतर भागांचा एमआरआय १.५ टेस्लावर काटेकोर देखरेखीखाली केला गेला. तपासणीच्या वेळी एकही मृत्यू झाला नाही, एकही तार निकामी झाली नाही. झटका देणारे एक यंत्र तेवढे ताबडतोब बदलावे लागले, आणि त्याचे सेटिंग तपासणीपूर्वी नियमाप्रमाणे केलेलेच नव्हते. सुरक्षितता नुसत्या यंत्रात नसते, माणसाच्या खबरदारीत असते, हा त्याचा सरळ अर्थ.

भाईजानांची तपासणी अखेर पुण्यात झाली. सुरुवातीला हृदयरोगतज्ज्ञांनी पेसमेकर तपासून त्याचे सेटिंग बदलले. आत असताना ठोक्यांवर व रक्तातील ऑक्सिजनवर नजर होती, झटक्याचे यंत्र शेजारी तयार होते. नंतर सेटिंग पूर्ववत केले. आम्ही बाहेर बाकावर बसून होतो. ती अर्धी घटका आम्हाला अख्ख्या वर्षाच्या हिशेबापेक्षा जड गेली. अहवालात दबलेली नस दिसली, इलाज सुरू झाला, मीटरपट्टी पुन्हा भाईजानांच्या हाती आली.

व्यापारी व कारागीर बांधवांसाठी

पेसमेकरचे कार्ड सदैव जवळ ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या. कार्ड हरवले असेल तर जिथे पेसमेकर बसवला तिथून नोंद मागवा. छातीच्या एक्स-रेवरूनही डॉक्टर बऱ्याचदा बनावट ओळखतात.

एमआरआय लिहून देणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "छातीत पेसमेकर आहे." काही आजारांत सीटी स्कॅनवरही काम भागते. ते ठरवणे डॉक्टरांचे काम.

फॉर्मचे इंग्रजी कळत नसेल तर विचारून भरा. त्यात लाज नाही. व्यापारी बिल न वाचता सही करत नाही, मग जिवाच्या कागदावर का करावी?

आत जाताना अंगठी, घड्याळ, टाचण्या, धातूच्या डबीतला तावीज, सारे काढून ठेवा. जरीचे कपडे नकोत. आपल्या धंद्यातली जर म्हणजे धातूची तार, ती तापून कातडी भाजू शकते.

दुकानात मोबाईल पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवा, छातीच्या खिशात नको. टाचण्या धरायचे लोहचुंबकही त्या खिशात टाकू नका. मोठ्या शोरूमच्या चोरी पकडणाऱ्या दारातून नेहमीच्या चालीने निघून जा, टेकून उभे राहू नका. वेल्डिंग करणाऱ्याने कामावर परतण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा स्पष्ट सल्ला घ्यावा.

धंद्यात विसरलेली उधारी कधी ना कधी वसूल होते. फॉर्मवरच्या एका चुकीच्या 'नाही'ची भरपाई होत नसते. आमच्या भाभींनी वेळेवर तोंड उघडले म्हणून हा मजकूर आम्ही समाधानाने लिहू शकलो. ज्यांच्या घरी पेसमेकर आहे, त्यांनी आज दुकान वाढवण्यापूर्वी कार्ड कुठे आहे ते एकदा पाहून घ्यावे.