सबक वेगळा, गोष्ट वेगळी

निकाल लागला की दप्तर माळ्यावर जाते, ते जूनच्या मध्यालाच खाली उतरते. सुमारे दीड महिना. या दीड महिन्यात आपल्या घरातले मूल काय वाचते? दुकानांच्या पाट्या, बिस्किटाच्या पुड्यावरचे नाव आणि मोबाईलच्या पडद्यावरून सरकणारी दोन-चार अक्षरे. मार्चमध्ये सरळ ओळ वाचणारा तिसरीतला मुलगा जूनमध्ये जोडाक्षरापाशी थांबतो, पुन्हा बोट ठेवून वाचू लागतो. त्याची बुद्धी कमी झालेली नसते, सवय मोडलेली असते. पाठ्यपुस्तक मात्र त्याच्यासाठी थांबत नाही.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात कार्ल अलेक्झांडर आणि डोरिस एन्टविसल या समाजशास्त्रज्ञांनी 1982 पासून अनेक वर्षे मुलांचा मागोवा घेतला. शाळा सुरू असताना गरीब आणि सुखवस्तू घरांतली मुले जवळपास सारख्याच वेगाने शिकत होती. अंतर वाढत होते ते सुट्टीत. हे अंतर नेमके किती, यावर पुढे संशोधकांत वाद झाले. पण फ्लोरिडा राज्यात रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि अ‍ॅन मॅकगिल-फ्रान्झेन यांनी केलेला प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गरीब वस्तीतल्या शाळांतील मुलांना त्यांनी सलग तीन उन्हाळे दरवर्षी 12 पुस्तके दिली. पुस्तके मुलांनी स्वतः निवडायची होती. ना शिकवणी, ना वर्ग. तरीही ही मुले, ज्यांना पुस्तके मिळाली नव्हती त्यांच्यापेक्षा वाचनात पुढे गेली. आणि त्यांनी निवडले काय? गायक-कलाकारांवरची पुस्तकेही त्यात भरपूर होती! मोठ्यांनी निवडली असती तर ती नक्कीच बाजूला पडली असती.

आपल्या घरांत अडचण नेमकी इथेच आहे. पुस्तक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सबक येतो. मक्तबमध्ये मूल कायदा शिकते, मग नाझिरा. तिथे प्रत्येक हर्फ त्याच्या मखरजमधून निघाला पाहिजे, चूक झाली की उस्ताद तिथेच थांबवतात. ते योग्यच आहे. कुरआनच्या तिलावतीचा तो अदब आहे. पण तोच कायदा आपण गोष्टीच्या पुस्तकालाही लावतो. मूल सशाची गोष्ट वाचत असते आणि अब्बा शेजारून प्रत्येक शब्द दुरुस्त करतात. गोष्ट संपली की अम्मी विचारते, "यातून काय शिकलास?" दोन दिवसांत मूल पुस्तक बंद करते, आणि आपण म्हणतो, याला वाचनाची आवडच नाही.

गोष्ट वाचताना शब्द चुकला तर चुकू द्या. पुढच्या ओळीला अर्थ लागला नाही की मूल स्वतःच मागे येते, तेच खरे शिकणे. डॉ. झाकिर हुसेन पुढे देशाचे राष्ट्रपती झाले, पण मुलांसाठी त्यांनी 'अब्बू खाँ की बकरी' ही गोष्ट लिहिली होती. त्यातली बकरी दावे सोडून डोंगरावर जाते आणि लांडग्याशी रात्रभर झुंजते. ती वाचून एक मूल म्हणेल, बकरी वेडी होती. दुसरे म्हणेल, बहादूर होती. दोघांनाही बोलू द्यावे. निकाल देण्याची घाई मोठ्यांनी करू नये.

दुसरा प्रश्न भाषेचा. घरात दखनी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी, मक्तबमध्ये अरबी. मग वाचायचे कशात? माझे मत असे की ज्या भाषेत मूल हसते त्या भाषेत सुरुवात करावी. नाझिरा झालेल्या मुलाला उर्दू फार दूर नसते. पे, टे, चे, डाल, ड़े, गाफ अशी मोजकीच अक्षरे नवी असतात. लिपीचे वळण बदलते आणि जेर-जबर गायब होतात, म्हणून सुरुवातीला कोणीतरी सोबत बसावे लागते. मराठी शाळेतल्या मुलाची एका उन्हाळ्यात उर्दूशी ओळख होऊ शकते, आणि उर्दू शाळेतल्या मुलीची मराठी गोष्टींशी. मराठीत फारूक काझी यांची पुस्तके जरूर शोधा. ते स्वतः शिक्षक आहेत. आपल्या घरासारखे घर पुस्तकात भेटले की मुलाचा चेहरा बदलतो.

पुस्तके आणायची कुठून? छत्रपती संभाजीनगरचे उदाहरण बघा. तिथे बायजीपुऱ्यात 2021 मध्ये मरियम मिर्झा या शाळकरी मुलीच्या नावाने मोहल्ला बालवाचनालय सुरू झाले. तिचे वडील मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी यांच्या रीड अँड लीड फाउंडेशनने मग एकेक मोहल्ला धरून अशी वाचनालये उभी केली. यासाठी मोठी इमारत लागत नाही. मुलांना चालत जाता येईल अशी जागा, कपाट आणि देवघेवीची वही एवढे पुरते.

गडमुडशिंगीत किंवा तुमच्या गावात हे का होऊ नये? चार घरांनी मिळून 40 पुस्तके जमवली तरी मे महिना निघतो. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून आहे, शहरात खरेदीला गेलात तर मुलांना तिथे एकदा घेऊन जा. बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून निघते, त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर'वर मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषांतल्या गोष्टी फुकट मिळतात. उर्दूत मुंबईचे 'गुल बूटे' आणि राष्ट्रीय उर्दू परिषदेचे 'बच्चों की दुनिया' ही मासिके आहेत. मोबाईल घरात आहेच, तर तो थोडा या कामालाही लावावा. तरी लहानांच्या हातात कागदच बरा.

निवड मात्र मुलाची. उजळाईवाडीचा विमानतळ शेजारी असल्याने आमच्याकडच्या मुलांना विमानांचे भारी वेड. अशा मुलाला विमानाचेच पुस्तक द्या, नीतिकथा नंतर. चित्रकथा मागितली तर तीही द्या. तेच पुस्तक पाचव्यांदा वाचले तरी रागावू नका.

मुलींबद्दल वेगळे सांगावे लागते. सुट्टी म्हणजे लग्नसराई, पाहुणे, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या हातात लाटणे. काम शिकू नये असे नाही, पण भाऊ खेळायला गेला असताना तिला असर ते मगरिब हा वेळ तिचा म्हणून मिळाला पाहिजे. त्या वेळात तिला हाक मारायची नाही. दादीला चष्मा लावूनही दिसत नसेल तर तिने दादीला वाचून दाखवावे. दादी चुका काढत नाही, पुढे काय झाले एवढेच विचारते.

आणि जी मुले सुट्टीत गांधीनगरच्या कापड दुकानांत किंवा गॅरेजवर मदतीला जातात, त्यांच्या पिशवीत डब्याशेजारी एक पातळसे पुस्तक ठेवा. भर दुपारी गिऱ्हाईक कमी असते.