दगडी कोळशाचें फुगणें व आक्रसणें

आमच्या इगतपुरीस दगडी कोळशाची ओळख नवी नाहीं. १८६५ सालीं लोहमार्ग थळघाट चढून येथें आला, आणि विजेचीं इंजिनें येईपर्यंत वाफेचीं इंजिनें ह्याच कोळशाच्या बळावर घाट चढत होतीं. परंतु इंजिनांत उत्तम जळणारा प्रत्येक कोळसा लोखंड गाळण्याच्या उपयोगीं पडतोच असें नाहीं. असें कां, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

लोखंड गाळण्यास कोक लागतो. तो कठीण व सच्छिद्र असावा लागतो. कारण भट्टींत त्यास खनिजाचा भार सोसावयाचा असतो आणि वाऱ्यास वाटही द्यावयाची असते. असा कोक करण्यासाठीं निवडक कोळशाचा चुरा वारा न लागेल अशा बंद भट्टींत सुमारें १००० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात. ही भट्टी उंच व लांब, पण रुंदीला जेमतेम दीड फूट असते. उष्णता दोन्ही बाजूंच्या विटांच्या भिंतींतून आंत शिरते. सुमारें ४०० अंशांवर कोळसा मऊ व चिकट होतो. त्याच वेळीं त्यांतून वायु निघूं लागतात. पण त्या लगद्यांतून त्यांस सहज वाट मिळत नाहीं, म्हणून तो फुगतो. निखाऱ्यांपुढें धरलेली भाकरी आंत कोंडलेल्या वाफेनें फुगते, तसेंच हें समजावें. ५०० अंशांच्या सुमारास लगदा घट्ट होतो, आणि पुढें उष्णता वाढेल तसा आक्रसूं लागतो. तळ्यांतला चिखल उन्हाळ्यांत वाळून भेगाळतो, त्याप्रमाणें त्यासही भेगा पडतात.

ह्या दोन्ही क्रिया प्रमाणांत व्हाव्या लागतात. कोळसा फार फुगला तर भिंतींवर दाब येऊन त्या तडकतात. पुरेसा आक्रसला नाहीं तर तयार कोक भिंतींस धरून बसतो, व यंत्रानें ढकलूनही बाहेर निघत नाहीं. मुळींच मऊ न होणाऱ्या कोळशाचा चुरा तर चुराच राहतो. म्हणून जाणते लोक फार फुगणाऱ्या कोळशांत अधिक आक्रसणारा कोळसा मिसळतात, आणि ज्या लहान भट्टीची एक भिंत सरकती असते, तींत त्या मिश्रणाची आधीं परीक्षा पाहतात.

ह्या एका गुणानें केवढा फरक पडतो पहा! चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यांत लोहारा येथें उत्तम लोहखनिज आहे, आणि त्याच जिल्ह्यांत वरोऱ्यास कोळसा. १८८२ सालीं त्याविषयींचा अहवाल वाचून जमशेटजी टाटा यांनीं तेथें कारखाना काढण्याचें मनांत आणिलें; पण परीक्षेंत वरोऱ्याचा कोळसा त्या कामास अयोग्य ठरला. अखेर टाटांचा कारखाना झरियाच्या कोळशाचा लाभ होईल अशा साकची गांवीं, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, उभा राहिला, आणि १९११ सालीं तेथें पहिलें लोखंड निघालें.

विद्यार्थिमित्रांनो, ह्यापुढें घरीं भाकरी फुगतांना पाहाल, तेव्हां आपल्या दारचा कारखाना दूर कां गेला ह्याची आठवण अवश्य ठेवा. वस्तूचा रंग व वजन पाहून तिची पारख होत नाहीं. ती तापविली म्हणजे कशी वागते, तेंही पाहावें लागतें.