आगीच्या आधीचा लिनलिथगो

एडिंबराच्या पश्चिमेला, एका तळ्याच्या काठी, लिनलिथगोचा राजवाडा उभा आहे. भिंती भक्कम, पण डोक्यावर छप्पर नाही. 1746 साली ड्यूक ऑफ कंबरलँडच्या सैन्याचा इथे मुक्काम असताना आग लागली आणि छप्पर गेले ते गेलेच. त्याआधीची ही वास्तू कशी दिसत होती, हे सांगणारा महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे जॉन स्लेझरच्या ‘थिएट्रम स्कॉटिए’ या ग्रंथातले चित्र. ग्रंथ छापला गेला 1693 मध्ये, म्हणजे आगीच्या 53 वर्षे आधी.

वाड्याचा इतिहास राजघराण्याशी बांधलेला आहे. 1424 च्या आगीनंतर पहिल्या जेम्सने बांधकाम सुरू केले आणि पुढच्या राजांनी चौक पुरा केला. पाचवा जेम्स इथेच जन्मला. त्याची मुलगी मेरीही इथेच, 8 डिसेंबर 1542 रोजी. वडील वारले तेव्हा ती अवघ्या सहा दिवसांची होती, आणि तेव्हापासूनच स्कॉटलंडची राणी. 1603 मध्ये मेरीचा मुलगा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा होऊन लंडनला गेला आणि वाड्याची रया गेली. 1607 मध्ये उत्तरेकडची बाजू कोसळली. ती त्याच राजाने पुढे बांधून घेतली.

स्लेझर हा परदेशातून आलेला लष्करी अभियंता, तोफखान्याचा माणूस. देशातले किल्ले, राजवाडे आणि शहरे कागदावर आणायचा त्याने ध्यास घेतला. पहिल्या आवृत्तीत 57 चित्रे आहेत. ती छापायची रीत अशी: तांब्याच्या पत्र्यावर टोकदार कोरणीने रेघा कोरायच्या. चित्र उलटे, अक्षरेही उलटी. शाई भरून पत्रा पुसला की ती फक्त खाचांत उरते. ओलसर कागद वर ठेवून रुळाखालून दाबला की खाचांतली शाई कागदावर उतरते. खाच खोल तितकी रेघ काळी. जिथे सावली दाखवायची तिथे रेघांवर आडव्या रेघा दाट विणलेल्या असतात. पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर चौकट उमटवतो.

चित्रात राजवाड्याला छप्पर आहे, धुराडी आहेत. शेजारच्या सेंट मायकेल चर्चच्या मनोऱ्यावर दगडी मुकुट आहे. तो एकोणिसाव्या शतकात उतरवला गेला आणि 1964 मध्ये त्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा आधुनिक मुकुट बसला.

पण साक्षीदारही चुकतो. याच ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत डॅल्किथच्या वाड्याच्या चित्राखाली ग्लॅमिसचे नाव छापले गेले होते. शिवाय चित्रांसोबतचा रॉबर्ट सिबाल्डने लिहिलेला लॅटिन मजकूर त्याच्या संमतीविना इंग्रजीत छापला गेला. उद्योग इतका मोठा, पण स्लेझरच्या वाट्याला कर्जच आले. स्कॉटिश संसदेने जहाजांवरच्या करातून त्याला मदत मंजूर केली होती, पण तीही पुरती हाती लागली नाही. 1717 मध्ये तो कर्जबाजारी अवस्थेतच वारला. त्याच्या मागे मात्र त्याच पत्र्यांवरून नव्या आवृत्त्या निघत राहिल्या.

म्हणून जुन्या बाजारात असे चित्र हाती आले तर रंगांना भुलू नका. रंग बहुधा नंतर कोणीतरी भरलेले असतात. आधी पत्र्याच्या दाबाची चौकट शोधा, मग कागद पाहा आणि खालच्या नावाची खातरजमा करा. पैसे त्यानंतर मोजा.